खासदारांच्या अहवालात कांद्याचे पान कुठे आहे?

अधिवेशन संपले किंवा निवडणूक जवळ आली की खासदारांचे कार्यअहवाल मतदारसंघात फिरू लागतात. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर पक्षश्रेष्ठी, मग सभामंडप, हायमास्ट दिवे, पेव्हर ब्लॉक, खुल्या व्यायामशाळा, रुग्णवाहिका आणि केंद्रीय मंत्र्यांना निवेदन देतानाचे फोटो. परराष्ट्र व्यवहाराला जागा मिळालीच तर ती शेवटच्या पानावर, एखाद्या शिष्टमंडळातील सहभागाच्या छायाचित्रापुरती. माझे म्हणणे असे की हा क्रम नेमका उलटा हवा. आयात-निर्यात, करार, परदेशातील आपली माणसे, संसदेतील मत आणि प्रश्न हे आधी. दिवे आणि पेव्हर ब्लॉक जमल्यास शेवटी.

याचे कारण राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. शेती हा राज्य सूचीतला विषय, पण परराष्ट्र व्यवहार, परकीय देशांशी तह-करार आणि परदेशांशी व्यापार हे तिन्ही संघ सूचीत, अनुक्रमे १०, १४ आणि ४१ क्रमांकाच्या नोंदींखाली. गटारासाठी नगरसेवक आहे, गावच्या रस्त्यासाठी जिल्हा परिषद आहे, पाटाच्या पाण्यासाठी आमदार आहे. कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली किंवा कापसावरचे आयातशुल्क उठले, तर शेतकऱ्याने थेट निवडून दिलेला एकच माणूस त्या विषयावर सरकारला अधिकृतपणे जाब विचारू शकतो. विधानसभेत त्यावर कितीही घोषणा झाल्या तरी त्यातून निघतो तो फार तर केंद्राला पाठवायचा ठराव.

स्थानिक विकास निधीचा हिशेबही एकदा मांडू. डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत २०११-१२ पासून खासदाराला वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. कामाची शिफारस खासदाराची, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. महाराष्ट्रातील एका लोकसभा मतदारसंघात सरासरी १९ लाखांच्या आसपास मतदार आहेत. म्हणजे डोईमागे वर्षाला साधारण २६ रुपये. दुसरीकडे, कांद्याचा भाव किलोला एक रुपयाने पडला तर २०० क्विंटल माल विकणाऱ्या शेतकऱ्याचे २० हजार रुपये जातात, आणि निर्यातीचा एखादा निर्णय भाव एका रुपयाने पाडून थांबत नाही. अहवालाची बहुतेक पाने त्या २६ रुपयांवर खर्च होतात.

कांद्याचेच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ, कारण त्यात सगळी यंत्रणा उघडी पडते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. ऑक्टोबरअखेर टनामागे ८०० डॉलर ही किमान निर्यात किंमत आली. ८ डिसेंबरपासून निर्यात बंद, आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत, मग मार्चमध्ये पुढील आदेशापर्यंत. एप्रिलअखेर सरकारने बांगलादेश, संयुक्त अरब अमिरात, श्रीलंका यांच्यासह सहा देशांना ९९,१५० टन कांदा देण्याची परवानगी जाहीर केली. ४ मे रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क यांसह. सप्टेंबरमध्ये किमान किंमत गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. तेही उठले १ एप्रिल २०२५ रोजी.

हे निर्णय एका टेबलावरचे नाहीत. बंदी आणि किमान निर्यात किंमत ठरते वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयात, १९९२ च्या विदेश व्यापार कायद्याखाली. शुल्काची अधिसूचना निघते अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागातून. साठामर्यादा आणि नाफेड, एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत होणारी राखीव साठ्याची खरेदी ग्राहक व्यवहार विभागाकडे. लागवड आणि उत्पादनाचे अंदाज कृषी मंत्रालयाचे, आणि सगळा गोंधळ बहुधा या अंदाजांपासूनच सुरू होतो. त्यामुळे ‘कांदाप्रश्नी मंत्र्यांना भेटून निवेदन दिले’ असे अहवालात वाचले की पहिला प्रश्न असा विचारावा: चौघांपैकी कोणाला? निर्यातशुल्काचे गाऱ्हाणे कृषिमंत्र्यांपुढे मांडणारे निवेदन फोटोत छान दिसते, पण ते तिथून फार तर दुसऱ्या मंत्रालयाकडे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पाठवले जाते.

निवेदनाला मुदत नसते आणि त्याची संसदेत नोंद राहत नाही. प्रश्नाला दोन्ही असते. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. तारांकितचे उत्तर मंत्र्याने उभे राहून द्यायचे, त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. पण एका तासात जेमतेम चार-पाच प्रश्नांपर्यंतच गाडी पोहोचते आणि उरलेल्यांची उत्तरे लेखी स्वरूपात पटलावर जातात. अतारांकितचे उत्तर लेखीच, पुरवणीची सोय नाही. एका खासदाराला एका दिवसासाठी पाचपर्यंत सूचना देता येतात, त्यांची सोडत निघते. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो. प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा, त्यात मत, तर्क किंवा आरोप नको, आणि विषय राज्याच्या अखत्यारीतला असेल तर तो बाद होतो. ‘नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद का आहेत?’ हा प्रश्न दिल्लीत टिकणार नाही. ‘निर्यातबंदीपूर्वी उत्पादनाचा कोणता अंदाज विचारात घेतला, तो कोणत्या तारखेचा होता आणि प्रत्यक्ष उत्पादन किती निघाले?’ हा टिकेल, आणि सरकारला आकडे द्यावे लागतील.

या यंत्रणेतली खरी अडचण मात्र १५ दिवसांची आहे. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. २०२३ चे हिवाळी अधिवेशन ४ ते २१ डिसेंबर असे झाले. बंदी आली ८ डिसेंबरला. म्हणजे बंदीविषयी नियमित प्रश्न त्या अधिवेशनात उत्तरापर्यंत पोहोचणे हिशेबानेच अशक्य होते. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तेच कापसाचे झाले. ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टपासून माफ झाले आणि २१ ऑगस्टला अधिवेशन संपले. ही माफी आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती. अधिवेशन संपल्यावर ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातला नवा कापूस बाजारात येण्याचा सगळा काळ तिच्यात गेला. योगायोग असेल. पण असे योगायोग होऊ शकतात हे ठाऊक असणाऱ्या खासदाराच्या हाती दुसरी आयुधेही असतात: मंत्र्याच्या संमतीने अल्पसूचना प्रश्न (१५ दिवसांहून कमी मुदतीचा), तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, तातडीचे विषय मांडण्याचा शून्य प्रहर, लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम ३७७ खालील उल्लेख. शून्य प्रहरात मांडलेल्या विषयाला उत्तर देण्याचे बंधन मंत्र्यावर नाही. नियम ३७७ खाली मांडलेल्या विषयाला मात्र संबंधित मंत्रालयाने लेखी उत्तर पाठवणे अपेक्षित असते. म्हणून ‘शून्य प्रहरात आवाज उठवला’ या वाक्यापेक्षा ‘नियम ३७७ खाली अमुक तारखेला विषय मांडला, मंत्रालयाचे हे उत्तर आले’ हे वाक्य अहवालात कितीतरी जड ठरते. समाजमाध्यमांवरची चित्रफीत अर्थात पहिल्याचीच फिरते.

शुल्काच्या बाबतीत आणखी एक दार आहे, ज्याकडे क्वचितच कुणी पाहते. सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या कलम ८ खाली सरकारने तातडीने निर्यातशुल्क लावले किंवा वाढवले, तर ती अधिसूचना दोन्ही सभागृहांपुढे ठेवून ठरावाने मंजुरी घ्यावी लागते. असे ठराव आवाजी मतदानाने भराभर निघून जातात. कांदा पट्ट्यातल्या खासदाराने त्यावर पाच मिनिटे बोलायला नाव दिले होते का, ही माहिती अहवालात एका ओळीत मावते.

उत्तर मिळाल्यावरही काम संपत नाही, बहुतेक ठिकाणी ते इथेच सुटते. ‘माहिती गोळा केली जात आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे उत्तर टाळाटाळीचे वाटते, पण संसदेच्या हिशेबात ते आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते आणि त्यावर सरकारी आश्वासनांविषयीची समिती लक्ष ठेवते. ‘विचार केला जाईल’ अशा काही ठरावीक शब्दयोजनाही आश्वासन म्हणून नोंदवल्या जातात. किती आश्वासने मिळवली, किती पूर्ण झाली, किती सरकारच्या विनंतीवरून वगळली गेली, असा तक्ता असलेला अहवाल निदान माझ्या पाहण्यात नाही. त्याऐवजी प्रश्नांची एकूण संख्या ठळक टाइपात असते आणि संख्येवरून पुरस्कारही मिळतात. प्रत्यक्षात एकाच मजकुराचा प्रश्न अनेक खासदारांच्या नावाने येतो आणि त्यांना एकत्र करून एकच उत्तर दिले जाते. पाचशे प्रश्नांपैकी मतदारसंघाशी खरोखर भिडणारे किती, हे मोजायला अर्धा दिवस पुरतो. संसदेच्या संकेतस्थळावर सदस्यनिहाय प्रश्न आणि उत्तरे उपलब्ध आहेत. ती इंग्रजी-हिंदीत आहेत. निवडक दहा उत्तरांचे मराठी भाषांतर छापणे हे अहवालाचे सर्वांत उपयोगी काम ठरेल.

एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. मंत्री झालेला खासदार प्रश्न विचारू शकत नाही. मतदारसंघाला मंत्रिपद मिळाले की ढोल वाजतात, पण त्या दिवसापासून मतदारसंघाचा प्रश्नोत्तराच्या तासातला आवाज बंद होतो. कांद्यावरील निर्बंधांच्या काळात दिंडोरीच्या तत्कालीन खासदार भारती पवार केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या. २०२४ मध्ये तिथे त्यांचा पराभव झाला आणि कांदा हा त्या निवडणुकीतला मोठा मुद्दा होता. ‘लोकांना दिवे आणि सभामंडपच हवे असतात, धोरण कोण वाचतो’ असे म्हणणाऱ्यांनी तो निकाल जरूर आठवावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पक्षादेशाच्या पुढे खासदाराचे काय चालते? राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीमुळे, म्हणजे पक्षांतरबंदीमुळे, पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाते, हे खरे. पण ती तरतूद सभागृहातल्या मतदानाला आणि गैरहजेरीला लागू आहे. प्रश्न, नियम ३७७, संसदेच्या स्थायी समितीतली भूमिका, समितीच्या अहवालाला जोडलेली भिन्नमतपत्रिका (असहमतीची नोंद) यांपैकी कशालाही ती लागू नाही. आणि पक्षादेशामुळे मत द्यावे लागले, असे मतदारांना लिहून सांगायला कोणता कायदा आडवा येतो? मुळात कोणते मत दिले हेच अनेकदा कळत नाही. आवाजी मतदानात नावनिशीवार नोंद होत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कृषी विधेयके दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने संमत झाली. त्या वेळी महाराष्ट्रातल्या कोणत्या सदस्याने होकार दिला, कोणी नकार, हे संसदेच्या नोंदीवरून सांगता येत नाही. उलट सप्टेंबर २०२३ च्या महिला आरक्षण विधेयकाला घटनादुरुस्ती असल्यामुळे मतविभाजन, म्हणजे मते मोजून नोंदवणे, आवश्यक होते. म्हणूनच ४५४ विरुद्ध २ हा आकडा आपल्याला माहीत आहे, आणि विरोधातल्या दोघांपैकी एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील होते, हेही. त्यांचे मत पटो वा न पटो, त्यांच्या मतदाराला त्याबद्दल जाब विचारता येतो. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात नोंदवलेले प्रत्येक मत नावासह प्रसिद्ध होते आणि तिथले सदस्य मतदारांना पाठवण्याच्या पत्रात ते मत का दिले हे सांगतात, भलामण करत का होईना. आपल्याकडे जिथे मतविभाजन झाले नाही, तिथे खासदाराने स्वतःच लिहावे: या विधेयकाच्या बाजूने होतो, या कारणासाठी.

करारांची स्थिती याहून वाईट आहे. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार सरकारचा. संसदेची मंजुरी त्याला लागत नाही. अनुच्छेद २५३ नुसार कराराच्या अंमलबजावणीसाठी संसद कायदा करू शकते, पण कायदा बदलायची गरज नसेल तर विषय सभागृहात येतच नाही. २००८ च्या भारत-अमेरिका अणुकराराच्या वेळी मतदान झाले ते विश्वासदर्शक ठरावावर, करारावर नव्हे. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात मुक्त व्यापार करार झाला. ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यानुसार असा करार तिथल्या संसदेपुढे २१ कामकाजी दिवस ठेवावा लागतो आणि कॉमन्स सभागृह त्याची पुष्टी रोखून धरू शकते. त्याच करारासाठी आपल्या संसदेला असा एकही दिवस ठरवून दिलेला नाही. एका करारावर सही करणाऱ्या दोन लोकशाह्यांपैकी एकीच्या लोकप्रतिनिधींना मजकूर तपासायचा हक्क आहे आणि दुसरीच्या नाही. यावर खासगी विधेयक मांडणे हे कोणत्याही पक्षाच्या खासदाराला शक्य आहे. स्वातंत्र्यानंतर आजवर १४ खासगी विधेयकेच कायदा झाली, शेवटचे १९७० मध्ये, त्यामुळे ते संमत होईल या भ्रमात राहू नये. पण घटनादुरुस्तीने मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर राजापूरचे खासदार नाथ पै यांनी १९६७ मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयीचे खासगी विधेयक आणले, ते संमत झाले नाही, आणि तरीही त्याच दिशेची चोविसावी घटनादुरुस्ती १९७१ मध्ये झाली. कोकणच्या मतदारांनी निवडून दिलेला माणूस हे करत होता.

कोकणावरून हापूसची गोष्ट आठवते. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती उठावी म्हणून ब्रिटनमध्ये सर्वाधिक आवाज केला तो लेस्टरचे खासदार कीथ वाझ यांनी, कारण त्यांच्या मतदारसंघात आंबा विकणारे आणि खाणारे भारतीय वंशाचे लोक होते. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठवण्याचा निर्णय झाला. परराष्ट्र धोरण मतदारसंघाच्या बाजारपेठेतून कसे सुरू होते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

माणसांच्या बाबतीतही खासदाराला करण्यासारखे बरेच असते आणि ते तारखांनी बांधलेले असते. पालघर जिल्ह्यातले अनेक मच्छीमार गुजरातच्या ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि सागरी हद्दीच्या वादात पाकिस्तानात पकडले जातात. २००८ च्या भारत-पाकिस्तान कराराप्रमाणे दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. अटकेनंतर तीन महिन्यांत वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेट मिळायला हवी, आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री झाल्यावर एका महिन्यात सुटका. अडते ते बहुतेकदा नागरिकत्वाच्या खातरजमेवर: आधार कार्डावरचे नाव आणि बोटीच्या कागदावरचे नाव जुळत नाही, स्थानिक पोलिसांचा पडताळणी अहवाल राज्याच्या गृह विभागात पडून राहतो. तिथल्या खासदाराच्या अहवालात वर्षातून दोनदा हा हिशेब यायला हवा: यादीत आपल्या भागातले किती, किती जणांची वकिलातीशी भेट झाली, किती जणांची पडताळणी कुठे अडली. कैद्यांची नावे छापायची गरज नाही, आकडे पुरेत. रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणाऱ्यांसाठीही असेच. नोंदणीकृत भरती एजंट जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वस्तू-सेवा कर एवढेच शुल्क घेऊ शकतो, परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे तक्रार संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे, या दोन ओळी अहवालात छापल्या तरी कुणाचे तरी लाखभर वाचतील.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर सात सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशी गेली. त्यांतल्या दोघांचे नेतृत्व महाराष्ट्रातल्या खासदारांकडे होते: श्रीकांत शिंदे आणि सुप्रिया सुळे. पक्ष वेगळे, काम एकच. अशा दौऱ्याच्या वृत्तांतात विमानतळावरच्या स्वागतापेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या: कोणाला भेटलो, त्यांनी कोणते अवघड प्रश्न विचारले, आणि परतल्यावर सरकारला काय सांगितले. तिसऱ्यातला काही भाग गोपनीय राहील, ते मान्य. स्थायी समित्यांचेही तसेच; अहवाल पटलावर ठेवेपर्यंत तिथली चर्चा बाहेर सांगता येत नाही. पण अहवाल आल्यावर तो जाहीर दस्तऐवज असतो आणि त्यावर सरकारने काय कार्यवाही केली याचा पुढचा अहवालही येतो. समितीच्या किती बैठकांना हजर होतो, हे तर कधीच गोपनीय नव्हते.

देशांतर्गत कामाचे एकच माप मी आवर्जून घालेन. २०१६ पासून प्रत्येक जिल्ह्यात ‘दिशा’ ही विकास समन्वय आणि संनियंत्रण समिती आहे, तिचे अध्यक्षपद खासदाराकडे असते आणि बैठक दर तिमाहीला व्हायला हवी. वर्षात चार झाल्या की एकच, इतिवृत्त कधी आले, मागच्या बैठकीतल्या किती मुद्द्यांवर कार्यवाही झाली, हे छापले की दिव्यांच्या यादीची फारशी गरज उरत नाही.

हे सगळे लिहिणार कोण? खासदाराला कार्यालय खर्चासाठी महिन्याला ७५ हजार रुपये मिळतात, त्यातले ५० हजार सचिव-साहाय्यकांसाठी. एवढ्यात दिल्लीत एक जाणता संशोधक आणि मतदारसंघात एक कारकून दोन्ही ठेवणे कठीण आहे, ही तक्रार रास्त आहे. मग बाहेरून घ्या. बाजार समिती, द्राक्ष आणि कांदा उत्पादकांच्या संघटना, मच्छीमार सोसायट्या यांच्याकडे विषयाचे ज्ञान आहे, फक्त ते निवेदनाच्या भाषेत असते आणि प्रश्नाच्या भाषेत नसते. ‘शेतकऱ्यांवरील अन्याय दूर करावा’ याऐवजी मंत्रालयाचे नाव, अधिसूचनेची तारीख आणि मागितलेला आकडा, असे १५० शब्द त्यांनी लिहून दिले तर खासदाराच्या कार्यालयाला ते जवळपास तसेच पाठवता येतात. वेळापत्रकही अवघड नाही. हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरच्या सुरुवातीला भरते, म्हणजे लाल कांद्याविषयीचे प्रश्न नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तयार हवेत. उन्हाळ कांदा एप्रिलपासून बाजारात येतो. त्याचे प्रश्न अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या दुसऱ्या टप्प्यात विचारायचे, तर फेब्रुवारीअखेर कागद दिल्लीत पोहोचला पाहिजे.